सव्वादोन लाखांत डीआय होईल का?

ताई, नमस्कार.

आम्ही चार मित्रांनी बार्शी आणि आसपासच्या गावांत एक मराठी चित्रपट केला आहे. लांबी १ तास ५२ मिनिटं. सोनीच्या ए७एस३ कॅमेऱ्यावर एस-लॉग३ मध्ये (चित्र फिकं येतं, रंग नंतर आणायचे) शूट केलं, काही शॉट ड्रोनचे आहेत आणि मध्ये तीन दिवस मित्राचा दुसरा कॅमेरा होता. डीओपी, म्हणजे आमचा कॅमेरामन, लग्नाची कामं करतो, त्यामुळे सगळं सेकंदाला २५ फ्रेमवर आहे. प्रीमियर सॉफ्टवेअरवर एडिट जवळजवळ पूर्ण झालंय. हातात सव्वादोन लाख उरलेत. अंधेरीतल्या एका स्टुडिओनं डीआय (रंगांचं काम) आणि डीसीपी (थिएटरात चालवायची शेवटची फाइल) यांचे मिळून साडेचार लाख सांगितले. दुसरा एक जण म्हणतो, साठ हजारांत चार दिवसांत लूक लावून देतो. एडिटर म्हणतो, कशाला पैसे घालवताय, ऑनलाइन लट (रंगांचे तयार तक्ते) विकत घेऊ आणि माझ्याच लॅपटॉपवर करू. निर्माते माझे मामा. त्यांनी प्लॉट विकून पैसे घातलेत आणि त्यांना चित्रपट ‘साऊथसारखा’ दिसायला हवाय. आधी फेस्टिव्हलला पाठवायचा, जमलं तर नंतर थिएटर. काय करू?

— स., बार्शी

स., नमस्कार.

होईल. पण साडेचार लाखांचं कोटेशन घासाघीस करून सव्वादोनवर आणायच्या भानगडीत पडू नका. स्टुडिओ कदाचित हो म्हणेलही, पण मग तुमचं काम मोठ्या कामांच्या मधल्या फटीत बसवलं जाईल, तारखा पुढे ढकलल्या जातील आणि समोर बसलेला माणूस दर दोन दिवसांनी बदलेल. साठ हजारवाल्याचा हिशेब तर तुम्हीच करा. तुमच्या एडिटमध्ये हजारभर शॉट असतील. चार दिवसांत हजार म्हणजे दिवसाला अडीचशे. तो रोज दहा तास न उठता बसला तरी एका शॉटच्या वाट्याला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. एवढ्या वेळात रंग जुळत नाहीत, सगळ्यांवर एक पट्टा फिरवला जातो. ‘लूक लावून देतो’ या शब्दांतच त्यानं ते कबूल केलंय.

स्टुडिओच्या पॅकेजमध्ये तीन वेगवेगळी कामं एकत्र बांधलेली असतात: आधीची तयारी, प्रत्यक्ष ग्रेडिंग म्हणजे रंग जुळवणं, आणि शेवटचं आऊटपुट. पहिलं आणि तिसरं तुमचे तुम्ही घरी करू शकता, जवळजवळ फुकट. त्यामुळे सगळा पैसा मधल्या कामावर जाऊ द्या, आणि तिथेही दोनच गोष्टींवर: एका चांगल्या कलरिस्टचे (रंग जुळवणाऱ्याचे) दिवस आणि मोठ्या पडद्यासमोरचे तास. यंत्र, सॉफ्टवेअर, पॅनेल, स्टुडिओच्या लॉबीतली कॉफी यांवर तुमच्यासारख्यांनी आता पैसे घालायचं कारण उरलेलं नाही. एके काळी दा विंची या कंपनीची रंगांची यंत्रणा बसवायची तर काही लाख डॉलर लागायचे. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकनं ती कंपनी विकत घेतली, २०११ मध्ये तिच्या रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती काढली, आणि आज ‘स्टुडिओ’ नावाची पूर्ण आवृत्तीसुद्धा २९५ डॉलर एकदाच भरून मिळते. मुंबईतला स्टुडिओ जे सॉफ्टवेअर वापरतो तेच तुमच्या एडिटरच्या लॅपटॉपवर चालतं. फरक समोर बसलेल्या डोळ्यांत आणि त्या डोळ्यांसमोरच्या मॉनिटरमध्ये आहे.

आता तयारी. सगळ्यात आधी २५ फ्रेमचा प्रश्न सोडवा, कारण त्याला लागून आवाजाचं काम आहे आणि ते सुरू झालं की मागे फिरता येत नाही. डीसीपीचा सर्वमान्य वेग २४ फ्रेमचा. नव्या पद्धतीच्या डीसीपीत २५ चालतं, पण सगळ्या थिएटरचे सर्व्हर ते मुकाट्यानं घेतील यावर मी प्लॉट विकलेल्या माणसाचे पैसे लावणार नाही. त्यामुळे चित्र फ्रेमला फ्रेम तसंच ठेवून २४ च्या वेगानं चालवा. तुमची ११२ मिनिटं ११६ मिनिटं ४० सेकंद होतील. डोळ्याला ते कळत नाही, कानाला कळतं: आवाज चार टक्के संथ झाला की पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं, त्याच्या पाऊणपटीला किंचित कमी इतका सूर उतरतो. गाणी असतील तर गायक-संगीतकार दोघंही तुम्हाला फोन करतील. मिक्सिंगवाल्याला आजच सांगून ठेवा म्हणजे तो सूर राखून लांबी वाढवेल आणि सगळं मिक्स २४ च्या चित्रावरच करेल. ड्रोनचे शॉट ३० फ्रेमवर असतील, बहुतेक वेळा असतातच, तर ते २५ च्या टाइमलाइनवर दर काही फ्रेमनी अडखळत असणार. त्यांना आवाज नाही, तेव्हा थेट २४ च्या वेगानं चालवा. थोडे संथ होतील, आणि ड्रोनला ते शोभतं.

दुसरं, एडिट लॉक करा. ‘जवळजवळ पूर्ण’ हा शब्द डीआयच्या खोलीत फार महागात पडतो. लॉक झाल्यावर प्रीमियरची टाइमलाइन साफ करा. मल्टिकॅम आणि नेस्ट मोडून साधे शॉट करा, सगळं शक्य तितकं एका ट्रॅकवर आणा, वेग बदललेल्या, झूम केलेल्या आणि स्टॅबिलाइझ केलेल्या शॉटची वेगळी यादी लिहून काढा, कारण एक्सएमएलमधून (टाइमलाइनची माहिती नेणारी फाइल) रिझॉल्व्हमध्ये जाताना नेमक्या याच गोष्टी गळतात किंवा बिघडतात. सोबत टाइमकोड छापलेली पूर्ण चित्रपटाची एक फाइल द्या. ती वरून ठेवून शॉट न् शॉट ताडून बघायचा. याला कन्फॉर्म म्हणतात, स्टुडिओत याचे वेगळे पैसे लागतात, आणि हे काम एडिटर दोन-तीन दिवसांत चिकाटीनं करू शकतो. तुमच्या सोनीच्या १०-बिट फाइली विंडोजवर रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत बऱ्याचदा उघडत नाहीत. आवाज ऐकू येतो, चित्राच्या जागी काळं. घाबरून जाऊ नका. शटर एन्कोडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन त्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या फाइल-प्रकारांत बदलून घ्या. मात्र १०-बिटचं ८-बिट होऊ देऊ नका. १०-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या असतात, ८-बिटमध्ये २५६, आणि लॉगचं चित्र ताणलं की उरलेल्या पायऱ्या संध्याकाळच्या आभाळात पट्ट्या होऊन दिसतात.

एक्सएमएल अगदीच जमेना तर आडमार्ग आहे. प्रीमियरमधून कोणताही लट न लावता संपूर्ण चित्रपट प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये एकसंध काढा आणि सोबत ईडीएल, म्हणजे कुठे कुठे कट आहे याची यादी, द्या. यूएचडीत ही फाइल ६०० जीबीच्या वर जाईल. ईडीएलवरून रिझॉल्व्ह ती पुन्हा शॉटमध्ये कापतं. तोटा असा की डिझॉल्व्ह दोन्ही बाजूंनी वेगळे ग्रेड करता येत नाहीत आणि नंतर एक फ्रेमसुद्धा मागेपुढे करता येत नाही. एडिट खरंच लॉक असेल तर स्वस्त चित्रपटाला हा मार्ग वाईट नाही.

चौकटीचंही याच वेळी ठरवा. थिएटरात दोनच आकार चालतात: फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० आणि स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. तुम्ही १६:९ वर शूट केलंय. फ्लॅटमध्ये गेलात तर वरून-खालून २२-२२ ओळी कापल्या जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. स्कोप करायचं तर उंचीतला चौथा हिस्सा जातो. शूटिंगच्या वेळी मॉनिटरवर स्कोपच्या रेघा लावलेल्या नसतील तर कुणाचं कपाळ, कुणाची हनुवटी, आणि ज्या ताटावर सीन बेतलाय ते ताटच चौकटीबाहेर. ‘सिनेमॅटिक’ दिसावं म्हणून फ्लॅटच्या आतच काळ्या पट्ट्या घालणं हा तर शुद्ध आळस. ४के डीसीपीचा आग्रहही नको. बहुतेक पडदे २के आहेत, आणि तुमचं चित्र मोठ्यातून लहान होताना थोडा नॉइजही (अंधारात दिसणारे दाणे) आपोआप दबतो.

आता रंग.

लटबद्दल थोडक्यात: लट म्हणजे तयार तक्ता. आत अमुक रंग आला की बाहेर तमुक द्यायचा, एवढंच त्याला कळतं. ऊन चार वाजताचं होतं की साडेपाचचं, तिसऱ्या टेकला ढग आला होता का, हे त्याला माहीत नसतं. एस-लॉग३ चं रेक.७०९ (नेहमीच्या टीव्ही-मॉनिटरचे रंग) करायला रूपांतर लागतंच, पण ते रिझॉल्व्हमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्मनं होतं, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याला आणि ड्रोनला त्यांचं त्यांचं वेगळं रूपांतर लावायचं. एकच लट तिन्हींवर टाकला की तीन चित्रपट दिसतात.

खरं काम कुठे असतं ते एका शॉटवर सांगते. तुमच्या चित्रपटात हा सीन नसेल तर याच्यासारखा नक्की असेल: स्वयंपाकघर, आई खाली बसून भाकरी थापतेय, उघड्या दारातून दुपारचं ऊन येतंय, वर भिंतीवर ट्यूबलाइट. शूटिंगच्या वेळी ट्यूब बंद करायचं कुणाला सुचलं नाही, किंवा बंद केल्यावर फारच अंधार झाला. रूपांतर केल्यावर पॅरेड स्कोप, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, उघडा. मधल्या आणि खालच्या भागात हिरवा थोडा वर उठलेला दिसेल, ती ट्यूब. वरच्या टोकाला लाल जास्त, ते दारातलं ऊन. आता हौशी माणूस काय करतो? अख्ख्या शॉटमधला हिरवा खाली खेचतो. भिंत सुधारते, आणि दार गुलाबी होतं. कलरिस्ट आधी उजेड जागेवर आणेल, दाराला हात न लावता फक्त मधल्या छटांमधला हिरवा काढेल, मग आईच्या चेहऱ्याभोवती मऊ कडांची खिडकी काढून ती हलत्या डोक्यासोबत ट्रॅक करेल आणि व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणारा गोल आलेख) बघेल की त्वचा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या त्या रेघेच्या आसपास बसतेय का. त्वचा सावळी असो, गव्हाळ असो की गोरी, रंगाची दिशा साधारण तीच असते, उजेड आणि गडदपणा तेवढा बदलतो. शेवटी पिठाचा पांढरा बघायचा. पीठ निळं दिसलं तर सगळा सीन खोटा वाटतो.

आणि हा झाला एक शॉट. त्याचाच उलट कोन, दारात उभा मुलगा, तुम्ही तासाभरानं घेतलात. ऊन उतरलेलं, सावल्या लांबलेल्या. आता पहिल्या शॉटचं स्टिल काढून पडदा अर्धा-अर्धा करायचा आणि दुसरा त्याला जुळवायचा, मग क्लोजअप, मग दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा भाकरीचा इन्सर्ट. डीआयमधला बहुतेक वेळ या जुळवण्यात जातो, आणि ते नीट झालं तर कुणाला दिसतही नाही. लूक सगळ्यात शेवटी, वरून, हलक्या हातानं.

मामांच्या ‘साऊथ’बद्दल. त्यांना हवं ते मिळण्यासारखं आहे, पण त्यातला मोठा वाटा डीआयच्या खोलीत येण्याआधीच ठरलेला असतो: भिंतींना दिलेला रंग, कपड्यांचे रंग, उन्हाची वेळ, रात्रीच्या सीनला लावलेले मोठे दिवे. तुमच्या भिंती जशा होत्या तशा आहेत. तेव्हा त्यांना दुसऱ्यांचे चित्रपट दाखवून वचनं देऊ नका. तुमच्याच चित्रपटातले पाच-सहा शॉट निवडा, कलरिस्टकडून एका दिवसात त्यांचे दोन वेगवेगळे लूक करून घ्या आणि त्यातून निवडायला सांगा. एकदा निवडलं की तो विषय बंद. हे व्हॉट्सॲपवर करायचं नाही. तिथं फाइल पिळून निघते आणि प्रत्येकाच्या फोनचा पडदा आपापले रंग दाखवतो. सगळ्यांनी एकाच टॅबलेटवर, एकाच खोलीत बसून बघा.

एक गोष्ट हमखास होणार आहे म्हणून आधीच सांगते. कुणीतरी म्हणेल, हिरॉइनचा चेहरा जरा उजळ करा. उजेड कमी पडला असेल तर जरूर वाढवा. पण सावळ्या मुलीला गोरं करायची सूचना असेल तर नाही म्हणा, आणि कलरिस्टलाही नाही म्हणायची मोकळीक द्या. नाहीतर बार्शीच्या उन्हात उसाच्या फडात काम करणारी बाई फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीतून आल्यासारखी दिसते, आणि शेजारच्या माणसांशी तिचा रंगच जुळत नाही.

कलरिस्ट कुठे शोधायचा? मोठ्या नावांच्या मागे जाऊ नका. मुंबई-पुण्यातल्या डीआय स्टुडिओंत तीन-चार वर्षं असिस्टंट म्हणून बसलेली मुलं-मुली शोधा. कन्फॉर्म, मॅचिंग, बिघडलेले शॉट सावरणं, सगळं त्यांच्या हातून गेलेलं असतं आणि स्वतःच्या नावावर एक पूर्ण चित्रपट हवा असतो. पुण्याच्या एफटीआयआयमधून बाहेर पडलेल्यांनाही विचारा. शोरील बघून ठरवू नका. शोरीलमध्ये प्रत्येकाचा सूर्यास्त छानच असतो. त्यांनी केलेला एखादा पूर्ण सीन मागा, आधीचा आणि नंतरचा. मग तुमचे तीन शॉट द्या: एक रात्रीचा, एक भर दुपारचा, एक त्या स्वयंपाकघरासारखा. या चाचणीचे पैसे द्या.

दर दिवसावर ठरवा, चित्रपटावर ठरवू नका. तुमच्या लांबीला बारा ते चौदा दिवस धरा. सव्वादोन लाखांतले एक लाख दहा हजार या माणसासाठी, पन्नास हजार खोली आणि पडद्याच्या तासांसाठी, वीस हजार हार्ड डिस्कना. उरलेल्या पंचेचाळीस हजारांना हात लावू नका. फेस्टिव्हलसाठी इंग्रजी सबटायटल लागतील, सेन्सॉर काहीतरी बदल सांगेल, दुसरा डीसीपी करावा लागेल, ते सगळं त्यातून. रिझॉल्व्ह स्टुडिओ तुम्ही घेऊ नका, कलरिस्टकडे असेलच. तुमचे रात्रीचे शॉट १२८०० आयएसओवर असणार आणि त्यांचा नॉइज काढायचं टूल फुकट आवृत्तीत नाही, म्हणून स्टुडिओ आवृत्ती लागेल एवढं मात्र खरं. ओळखीत कुणाकडे ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा असेल तर विचारून बघा, त्यासोबत स्टुडिओ आवृत्तीचं लायसन्स येतं आणि बऱ्याच जणांच्या खोक्यात ते तसंच पडलेलं असतं.

ग्रेडिंग घरच्या खोलीत होऊ शकतं, पण खोलीला खोलीसारखं ठेवून चालणार नाही. खिडक्या बंद, भिंत राखाडी किंवा निदान रंगीत नको, मॉनिटरच्या मागे एक मंद पांढरा दिवा. मॉनिटर प्रोबनं (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट केलेला हवा: रेक.७०९, गॅमा २.४, उजेड १०० निट्स (निट हे उजेडाचं माप). प्रोब भाड्यानं किंवा मित्राकडून मिळतो आणि डिस्प्लेकॅल फुकट आहे. लॅपटॉपचा पडदा उजेडाच्या खोलीत बघून ग्रेड केलात तर अंधारातलं काही दिसत नाही म्हणून तुम्ही सावल्या वर उचलता, आणि थिएटरच्या काळोखात तीच रात्र दुधट होऊन समोर येते, नॉइजसकट.

म्हणूनच पडद्याचे तास. थिएटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्याचा उजेड प्रमाणाप्रमाणे ४८ निट्स असतो, तुमच्या मॉनिटरच्या निम्म्याहून कमी, आणि जुना दिवा असलेल्या थिएटरात त्याहूनही कमी. काम निम्मं झालं की वेगवेगळ्या सीनमधले शॉट घेऊन बारा-पंधरा मिनिटांचा चाचणी डीसीपी करा आणि पडद्यावर बघा. सगळं संपल्यावर पूर्ण चित्रपट पुन्हा एकदा. मुंबईत प्रोजेक्टर असलेली डीआय थिएटर अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं मिळतात. किंवा सोलापूरच्या एखाद्या मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटा आणि सकाळच्या पहिल्या शोच्या आधीचा वेळ मागा. लॅपटॉप एचडीएमआयनं प्रोजेक्टरला जोडून बघणं ही चाचणी नव्हे. डीसीपी सर्व्हरवर चढवूनच चालवा. कलरिस्टला शेजारी बसवा, वही-टॉर्च द्या, आणि कुठलाही निर्णय तिथल्या तिथे घेऊ नका, फक्त टिपा काढा.

आऊटपुटची भीती सगळ्यांना विनाकारण वाटते. डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्याला ग्रेड झालेली प्रोरेस ४२२ एचक्यू फाइल आणि ५.१ आवाजाच्या वेव्ह फाइली द्या, ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट. चित्राचं जेपीईजी २००० करणं आणि रंग एक्सवायझेड या थिएटरच्या रंगपद्धतीत नेणं ही कामं ते स्वतः करतं. तुम्ही तीन गोष्टी तपासायच्या: आत येणारा रंग रेक.७०९ म्हणून ओळखलाय का, फ्लॅट निवडलंय का, आणि फाइलची पातळी व्हिडिओ आहे की फुल. पातळी चुकली की एकतर काळा रंग राखाडी होतो नाहीतर सावल्यांमधलं सगळं बुडतं, आणि लोक कलरिस्टला शिव्या घालतात. डेटाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट ठेवलात तर तुमचा चित्रपट साधारण १०० जीबीत बसेल. वरची मर्यादा २५० आहे, तिथवर जायची गरज नाही. साध्या लॅपटॉपला हे काम रात्रभर पुरतं. आवाजात डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचे दोन हा क्रम चुकला तर संवाद मागच्या भिंतीतून येतात, म्हणून पहिला सीन तरी कान देऊन ऐका. डिस्क लिनक्स पद्धतीनं फॉरमॅट करावी लागते, त्यासाठी डीसीपी-ओ-मॅटिकसोबतच डिस्क लिहिणारं वेगळं टूल येतं. श्रेयनामावलीतली जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून बघा. ‘दिग्दर्शक’ शब्दाचे तुकडे झालेले मी पडद्यावर पाहिलेत.

पण मुळात डीसीपीची घाई कशाला? गोव्याचा इफ्फी असो, पुण्याचा पिफ असो, प्रवेशिकेला लिंक पुरते. निवड झाली की डीसीपी मागतात. तो कुलूप न लावता द्या. कुलूप लावलंत की प्रत्येक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती केडीएम म्हणजे चावी करून पाठवावी लागते, आणि चावीत काही चुकलं की स्क्रीनिंगच्या आदल्या रात्री फोन वाजतात. थिएटर प्रदर्शनाच्या वेळी कुलूप हवंच, पण ते वितरकामार्फत यूएफओ किंवा क्यूब या थिएटरांना डिजिटल चित्रपट पोचवणाऱ्या कंपन्यांकडे होईल. त्यांचे दर हा वेगळा खर्च आहे, तो या सव्वादोन लाखांत मोजू नका. सरकारी अनुदानाचे पैसे तर अजिबात आधी खर्च करू नका, ते चित्रपट पूर्ण आणि सेन्सॉर झाल्यानंतरची गोष्ट आहे.

आता व्यवहाराचं. कलरिस्टशी एक पानी करार करा, मित्र असला तरी. किती दिवस, किती वेळा दुरुस्त्या, श्रेय कसं द्यायचं. पैसे तीन हप्त्यांत: सुरुवातीला तीस टक्के, पहिल्या पडदा-चाचणीनंतर चाळीस, आणि उरलेले तीस पूर्ण डीसीपी थिएटरच्या सर्व्हरवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत चालल्यावर. काम संपलं की तुमच्या डिस्कवर काय काय हवं तेही त्याच पानावर लिहा: रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट अर्काइव्ह, ग्रेड केलेला प्रोरेस मास्टर, शीर्षकं आणि सबटायटल नसलेला दुसरा मास्टर, डीसीपी, आणि मिक्सचे संवाद-संगीत-इफेक्ट वेगवेगळे. उद्या एखाद्या ओटीटीनं किंवा चॅनेलनं विचारलं तर यातलंच काहीतरी मागतील आणि तेव्हा कलरिस्टनं फोन बदललेला असेल. या सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. एक मामांकडे ठेवायला हरकत नाही.